तालुका बारच्या वकिलांना टेक्नॉलॉजी शिकवायची तर कुठून सुरुवात करावी?

सेक्रेटरी साहेब, तुम्ही विचारलं की बारमध्ये चाळीसेक वकील आहेत, निम्मे पन्नाशीच्या पुढचे, ई-फायलिंग डोक्यावर येऊन बसलंय, नवे कायदे लागू झाले, तर नागपूरहून एखादा वक्ता बोलावून एक दिवसाचं टेक्नॉलॉजीचं शिबिर घ्यावं का अन् त्यात विषय काय ठेवावे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांत सिव्हिल-क्रिमिनल दोन्ही करतो आणि आसपासच्या बारमध्ये हे शिकवायला जात असतो, म्हणून जरा मोकळंच सांगतो.

शिबिर घ्या, हरकत काही नाही, फक्त त्यातून कोणी शिकेल अशी आशा ठेवू नका. ते कसं होतं ते आपल्याला पाठ आहे. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, मग पीपीटी, त्यात डिजिटल इंडियाचे फोटो, जेवणात वांग्याची भाजी अन् बुंदी, चार वाजता सर्टिफिकेटं, ग्रुपवर फोटो, आणि सोमवारी पुन्हा तोच वकील त्याच टायपिस्टकडे उभा राहून म्हणतो, "बाप्पा, ते ऑनलाइनचं तू करून टाक, ओटीपी आला की सांगतो." वक्ता वाईट असतो असं नाही, पण तो येतो हायकोर्टाच्या प्रॅक्टिसमधून, त्याच्यासमोर बसलेल्या माणसाकडे असते धुऱ्याच्या म्हणजे शेताच्या बांधाच्या वादाची फाइल, वाटणीचा दावा, दारूबंदीची केस, एखादं भूसंपादनाचं रेफरन्स, चेक बाउन्स. दोघांची गाठच पडत नाही.

आणि सक्ती कोणाचीच नाही. सनद मिळाली की आपल्याकडे वकिलाला पुढे काही शिकलंच पाहिजे असं बंधन नाही, २०१० पासून ऑल इंडिया बार एक्झाम आली पण ती एकदा निघाली की निघाली. महाराष्ट्रातल्या डॉक्टरला रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात, सीए लोकांनाही तास भरावे लागतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने तर २०१७ मध्ये वकिलांना तीन वर्षांत ३३ तासांचं शिक्षण घ्यायला लावलं, त्यातले ३ तास फक्त टेक्नॉलॉजीचे. आपल्याकडे असं काही आलं तरी मला शंका आहे की रजिस्टरवर सही करून चहाच्या टपरीवर जायचा प्रकार सुरू होईल. म्हणजे सध्या जे करायचं ते बारने स्वतःहूनच करायचं आहे.

आता विषय. माझं मत थोडं एकांगी वाटेल पण अनुभवाचं आहे: कोणतं बटण कुठे दाबायचं ते मुन्शीला, टायपिस्टला अन् ज्युनिअरला शिकवा, आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा वकिलाने स्वतः शिकावा. पोर्टल बदलत राहतं, आज जे बटण डावीकडे आहे ते पुढच्या व्हर्जनला उजवीकडे जाईल, साठीतल्या वकिलाने ते पाठ करण्यात जीव काढायची गरज नाही. पण उलटतपासणीला मुन्शी उभा राहत नाही. तिथे सीसीटीव्हीचा पेन ड्राइव्ह पुरावा म्हणून निशाणीला लागतो की नाही लागत ते तुम्हालाच बोलायचं आहे.

म्हणून पहिलं सेशन कलम ६३ चं ठेवा, ई-फायलिंगचं नको. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यातलं कलम ६३ म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात कसा ग्राह्य होतो ते सांगणारं, जुन्या एव्हिडन्स ॲक्टमधलं आपलं ६५-ब. जुन्यात त्या पुराव्यासोबत लावायच्या सर्टिफिकेटचा ठरलेला नमुना नव्हता, जो तो आपापल्या परीने एक पानाचं लिहून आणायचा. नव्यात कायद्याच्या अनुसूचीतच नमुना दिलाय अन् त्याचे दोन भाग आहेत. भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. यंत्र कोणतं, मोबाइल का डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग यंत्र) का पेन ड्राइव्ह, मेक-मॉडेल, रंग, सिरीयल नंबर, आयएमईआय म्हणजे मोबाइलचा ओळख क्रमांक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हॅश व्हॅल्यू, ती कोणत्या पद्धतीने काढली तेही. हा तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, आयटी ॲक्टच्या कलम ७९-अ खाली नेमलेलाच पाहिजे का दुसरा कोणी जाणकार चालतो, यावर वाद आहे, तेव्हा समोरचा वकील हरकत घेणार हे धरूनच चाला आणि तज्ज्ञाची पात्रता लेखी घेऊन ठेवा.

हॅश म्हटलं की सिनिअर लोक खुर्ची मागे सरकवतात. मी त्यांना सांगतो, मुद्देमालाच्या पाकिटावर लाखेचं सील असतं ना, तसं हे फाइलचं सील. फाइलच्या आत जे काही आहे त्यावर गणित करून एक लांब क्रमांक निघतो, एसएचए-२५६ ने काढला तर ६४ आकडे-अक्षरांचा, आणि आतलं एवढंसं काही बदललं तरी तो पूर्ण वेगळा येतो. यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासून असते, ती चालवली की क्रमांक समोर. सेशनमध्ये हे करून दाखवा. कोणाच्या तरी मोबाइलमधला एक फोटो केबलने लॅपटॉपवर घ्या, हॅश काढा. फाइलचं नाव बदला, पुन्हा काढा, तोच येतो. मग तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवून उतरवून घ्या अन् त्याचा हॅश काढा, वेगळा येतो, कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. एवढं डोळ्यांनी बघितलं की माणसाच्या डोक्यात जे बसतं ते दोन तासांच्या भाषणाने बसत नाही.

कारण आपला पक्षकार येतो तो असा: "साहेब, माह्या मोबाइलमंदी सगळं हाये, त्यानं धुरा कोरला त्याचा व्हिडिओ हाये, टाकू का तुमाले व्हॉट्सॲपवर?" अन् आपण म्हणतो टाक. तिथेच गडबड सुरू होते. दावा लागेपर्यंत त्याने तो मोबाइल एक्सचेंजमध्ये देऊन नवा घेतलेला असतो, मूळ व्हिडिओ गेला, उरला तो वकिलाच्या मोबाइलवरचा दाबलेला फॉरवर्ड. तेव्हा पहिल्याच भेटीत त्याला सांगायचं, हा मोबाइल विकायचा नाही, फॉरमॅट मारायचा नाही, व्हिडिओ कापायचा-जोडायचा नाही. फाइल केबलने कॉपी करून घ्यायची, हॅश काढून तारीख-वेळेसह लिहून ठेवायचा, पक्षकाराची सही घ्यायची. दुकानातल्या किंवा पेट्रोल पंपावरच्या सीसीटीव्हीचं तर आणखी घाईचं, डीव्हीआरची डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, म्हणून फुटेज जपून ठेवा अशी नोटीस त्याच आठवड्यात गेली पाहिजे अन् गरज असेल तर कोर्टात अर्ज.

याच सेशनमध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा १४ जुलै २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून घ्या, सगळा नाही, कामाची पानं. जालन्याची २०१४ ची विधानसभा निवडणूक, उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला का हा मुद्दा, अन् पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ शूटिंग. सर्टिफिकेट वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. कोर्ट म्हणालं सर्टिफिकेट सक्तीचंच, पण मूळ यंत्रच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात आणून सिद्ध केलं तर त्याची गरज नाही, आणि समोरचा देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवा, प्रयत्न करूनही मिळालं नाही तर तुम्हाला त्याचा फटका बसणार नाही. म्हणजे मागणी अर्जाची पोचपावती जपून ठेवणं हेच वकिलाचं काम. बँक, टेलिकॉम कंपनी, ग्रामपंचायत, ज्याच्याकडून रेकॉर्ड हवं त्याला लेखी मागा. अन् एक गोष्ट जुन्या-नव्याच्या घोळाची: १ जुलै २०२४ ला जी कामं चालू होती ती जुन्या एव्हिडन्स ॲक्टनेच चालतील असं नव्या कायद्याच्या कलम १७० मध्ये आहे, तेव्हा २०१९ च्या दाव्यात ६५-ब अन् नव्या दाव्यात ६३, एकाच बोर्डावर दोन्ही. यात भलेभले गोंधळतात.

क्रिमिनल करणाऱ्यांसाठी पुढचं सेशन बीएनएसएसच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १०५ वर. झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग आता सक्तीचं आहे अन् ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे गेलं पाहिजे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकची टीम जागेवर यायची तरतूद १७६(३) मध्ये आहे. पोलिसांकडे त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे. बचावाच्या वकिलाने व्हिडिओची कॉपी मागावी, तो कधी सुरू झाला, मध्ये कुठे तुटला, पंच फ्रेममध्ये दिसतात का, पंचनाम्यातली वेळ अन् व्हिडिओतली वेळ जुळते का हे पाहावं. यासाठी नागपूरचा वक्ता नको, तुमच्याच जिल्ह्याच्या सायबर सेलमधला एखादा पीएसआय बोलवा, तो हे रोज करतो आणि खुर्चीत बसवून चहा पाजला तर त्यांच्या अडचणीही सांगतो. आमच्या एका ठिकाणी असाच एक जण आला होता, त्याने ॲप उघडून दाखवलं तेव्हा एपीपी म्हणजे सरकारी वकील अन् बचावाचे वकील दोघंही वह्या काढून बसले होते.

आता टायपिस्टचा विषय, हा मला वाटतो सगळ्यात दुर्लक्षित. आपल्या तालुका कोर्टात दावे, लेखी जबाब, दरखास्ती (निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज) मराठीत टाइप होतात आणि बऱ्याच ठिकाणी अजून श्रीलिपी नाही तर कृतीदेव वापरतात. प्रिंट एकदम झकास येते. पण तो मजकूर युनिकोड नसतो, म्हणजे कम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त मराठी कपडे घातलेली. दुसऱ्या कम्प्युटरवर फॉन्ट नसला की सगळा कचरा दिसतो, पीडीएफमध्ये शब्द शोधायला गेलं तर सापडत नाही, पोर्टलच्या रकान्यात चिकटवलं तर भलतंच उमटतं. म्हणून बारने एक ठराव करावा, नव्या सगळ्या फाइली युनिकोडमध्ये. टायपिस्ट लोक कुरकुर करतील की आमची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डची आहेत, इनस्क्रिप्टचा वेगळा कीबोर्ड या वयात कुठून शिकू. त्यांचं बरोबर आहे, त्यांच्या स्पीडवर त्यांचं पोट आहे. पण रेमिंग्टनच्याच बोटांनी युनिकोड उमटवणारे कीबोर्ड मिळतात, ते एकदा बसवून दिलं की काम झालं, बोटं बदलायची गरज नाही. जुन्या फाइली बदलायला कन्व्हर्टर आहेत, पण रफार अन् जोडाक्षरं तपासल्याशिवाय सही करू नका, आणि पक्षकाराचा दावा कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर टाकून कन्व्हर्ट करत बसू नका.

बोलून टाइप करायचं मोबाइलवर मराठीत आता बरंच चांगलं चालतं, हात दुखणाऱ्या सिनिअर लोकांना मी तेच सांगतो. साधं निवेदन नीट उतरतं. पण मौजा, गट नंबर, हेक्टर-आर, चतुःसीमा, धुरा, पांदण हे शब्द त्याला कळत नाहीत, तेवढं हाताने दुरुस्त करा. चतुःसीमा चुकली तर पुढे दरखास्तीत बेलिफ शेतात जाऊन कोणाचा ताबा काढेल सांगता येत नाही.

स्कॅनचं थोडक्यात. मोबाइलवर स्कॅन चालतं, पण टेबलावर कागद ठेवून डोक्यावरच्या ट्यूबलाइटची सावली पडलेला फोटो म्हणजे स्कॅन नाही. ३०० डीपीआय, काळं-पांढरं, ए-फोर, पानं सरळ, अन् पानांना नंबर. अजूनही सगळे "कॅमस्कॅनर कर" म्हणतात, ते ॲप जून २०२० मध्येच बंदी घातलेल्या चिनी ॲपच्या यादीत गेलं, दुसरी भरपूर आहेत. बारने एक बरा स्कॅनर घेऊन बार रूममध्ये ठेवला तर सगळ्यात उपयोगी खर्च तोच. मुन्शी लोकांना ई-सेवा केंद्रात एकदा घेऊन जा, फायलिंगची पायरी न् पायरी तिथला माणूस समोर करून दाखवतो. ऑनलाइन कोर्ट फी कशी भरायची तेही तिथेच.

ई-कोर्ट्सचं ॲप सगळ्यांच्या मोबाइलवर आहे पण वापर फक्त तारीख बघायला. सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळालेला तिचा स्वतंत्र नंबर, टाकून सगळ्या केसेस माय केसेसमध्ये घ्या, आणि मोबाइल बदलण्याआधी ती यादी एक्सपोर्ट करा, ती तुमच्या मोबाइलमध्येच साठलेली असते, नव्या मोबाइलमध्ये आपोआप येत नाही. एवढ्यासाठी या ॲपवर वेगळं सेशन बिशन घेऊ नका, चहा पिता पिता होतं.

ओटीपीबद्दल मात्र कडक बोला. आधारवर ई-साइन करताना ओटीपी आला अन् तुम्ही कोर्टात उभे असताना तो मुन्शीला फोनवर सांगितला, म्हणजे तुमची सही दुसऱ्याने केली. डिजिटल सिग्नेचरचा टोकन टायपिस्टच्या ड्रॉवरमध्ये ठेवणारे वकीलही मी पाहिलेत. मुन्शीने सगळं तयार करावं, शेवटचं सबमिट वकिलाने फाइल वाचून स्वतः करावं. अन् व्हॉट्सॲपवर येणारी चालानची एपीके फाइल (उघडली की मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) उघडायची नाही, कोणाकडूनही आली तरी. वकिलाच्या मोबाइलमध्ये पक्षकारांचे आधार, पासबुक, सातबारे पडलेले असतात, एकाचा फोन गेला तर पन्नास जणांचं जातं. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन.

एआयबद्दल तरुण वकील विचारतीलच, तेव्हा टाळू नका. भाषांतराला, लांबलचक निकालाचा सारांश काढायला, ड्राफ्टचा सांगाडा करायला ते कामाचं आहे, मीही वापरतो. पण ते सायटेशन, म्हणजे निकालांचे संदर्भ, बिनदिक्कत रचून देतं. अमेरिकेत २०२३ मध्ये माता विरुद्ध एव्हियांका केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात लावले अन् ५००० डॉलर दंड बसला. केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये खालच्या कोर्टांसाठी एआय वापराचं धोरणच काढलं. आपल्यासाठी नियम सोपा: सुप्रीम कोर्टाचा निकाल ई-एससीआर या त्यांच्या निकालांच्या ऑनलाइन संग्रहावर उघडून बघायचा, ते जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. हायकोर्टाचा असेल तर हायकोर्टाच्या साइटवर, नागपूर खंडपीठाच्या निकालाच्या न्यूट्रल सायटेशनमध्ये, म्हणजे कोर्टाने स्वतः दिलेल्या नंबरमध्ये, बीएचसी-नाग असं येतं, तो नंबर टाकून तपासा. जो निकाल तिथे सापडत नाही तो अर्जात लिहायचा नाही. आणि पोक्सो किंवा बलात्काराच्या केसमधला पीडितेचं नाव-गाव असलेला कागद असल्या टूलमध्ये टाकायचाच नाही. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे अन् पक्षकाराची गुपितं जपणं हे नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही आहेच.

आता हे घ्यायचं कसं. महिन्यातून एक-दोन सुट्टीचे शनिवार, सकाळी दोन तास, जास्त नाही. प्रत्येकाने आपली एक चालू फाइल आणायची, नावं झाकून. वक्ता नाही, पीपीटी नाही, एक जण लॅपटॉप चालवेल, बाकीचे आपापल्या फाइलवर तेच करतील. मुन्शी अन् टायपिस्ट यांना शेवटच्या बाकावर नाही, वकिलाच्या शेजारी बसवा. पेरणीच्या अन् कापूस निघायच्या दिवसांत ठेवू नका, निम्म्या बारची शेती आहे, कोणी येणार नाही. मे महिन्यात ठेवलं तर सकाळी आठला, दहानंतर पंख्याखालीही बसवत नाही अन् लाइट कधी जाईल सांगता येत नाही, लॅपटॉप घरूनच चार्ज करून आणायला सांगा.

सिनिअर लोक ज्युनिअरसमोर प्रश्न विचारत नाहीत, हे लक्षात ठेवा. तीस-पस्तीस वर्षं ज्याला सगळे साहेब म्हणतात तो फाइल कॉपी कशी करायची हे पोरांसमोर विचारणार नाही, मान हलवत बसेल. त्यांचं पहिलं सेशन वेगळं घ्या, त्यांच्यातलाच एखादा शिकलेला सिनिअर शिकवायला ठेवा. आमच्याकडे एक सत्तरीतले सिव्हिलवाले आहेत, हॅश त्यांनी एकदा समजून घेतला अन् आता सगळ्या बारला तेच समजावतात, माझ्यापेक्षा बरं समजावतात, कारण त्यांच्या उदाहरणात खरेदीखत अन् इसारपावती येते.

उलट बाजूला, सगळ्या बारचं ई-फायलिंग दोन-तीन ज्युनिअर मुली करत असतात अन् त्याचे पैसे कोणी देत नाही. "तुला येते तं करून दे ना" एवढंच. दर फायलिंगचा काहीतरी दर बारने ठरवून टाका. मग बघा, शिकणारेही वाढतील अन् फुकट करून घेणारे स्वतः शिकायला बसतील.

माणूस बाहेरून हवाच असेल तर जिल्हा कोर्टाच्या कम्प्युटर विभागाला पत्र द्या, सुप्रीम कोर्टाच्या ई-कमिटीने वकिलांमधून तयार केलेले मास्टर ट्रेनरही असतात, प्रिन्सिपल डिस्ट्रिक्ट जज साहेबांमार्फत मागणी गेली की काम लवकर होतं. नागपूरला २०२० मध्ये सुरू झालेलं न्याय कौशल हे देशातलं पहिलं ई-रिसोर्स सेंटर आहे, तरुण वकिलांना घेऊन एकदा जाऊन या. तेव्हाच काटोलच्या कोर्टात ट्रॅफिक चालानसाठी व्हर्च्युअल कोर्टही सुरू झालं होतं, म्हणजे हे सगळं मुंबई-पुण्याचं आहे अन् आपल्याला जमत नाही हे बार रूममधलं नेहमीचं पालुपद काही खरं नाही.

पहिल्या शनिवारसाठी एवढंच जमवा: एक लॅपटॉप, मोबाइलची केबल, दोन पेन ड्राइव्ह, कलम ६३ च्या सर्टिफिकेटच्या कोऱ्या प्रती माणशी दोन, अन् खोतकर निकालाच्या झेरॉक्स. प्रोजेक्टर भाड्याने आणू नका, बार रूमच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला जातो, फक्त एचडीएमआयची वायर आदल्या दिवशी लावून बघा. सर्टिफिकेट तिथेच प्रत्येकाकडून स्वतःच्या मोबाइलवरच्या एका फोटोसाठी भरून घ्या, भाग अ पूर्ण, आयएमईआयसकट. आयएमईआय शोधायला स्टार हॅश झिरो सिक्स हॅश डायल करायचं असतं, अर्धा बार तिथेच अडकतो, तेवढा वेळ धरून ठेवा.